दोन सिलिंडर झोपवणारी गाडी आणि पालीचा रस्ता

पाली, उत्तन
होड्या वर ओढून शाकारून झाल्यानंतरचा सोमवार

चिरंजीव जावईबापू अभिनव यांस,

पालीहून तुमचे सासरे हरिश्चंद्र यांचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे तुमच्या सासूबाई हंसा यांचा गुडघा होता तसाच आहे, आणि माझं डोकं सोडलं तर बाकीचं शरीर ठीक आहे. तुमची प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. सुरुचीच्या पायांवरची सूज उतरली का, रात्री झोप लागते का, आणि मासळीचा वास आला की अजून नाक दाबून पळते का, ते कळवावं. (नाखव्याच्या घरात जन्मलेली पोरगी सुक्या बोंबलाच्या वासाने ओकते हे कळल्यावर आमच्या आळीत दुसरा विषय नव्हता.) तुमच्या आईवडिलांना नमस्कार सांगावा. त्यांनी पाठवलेल्या बाकरवडीचा डबा पोचला, डबा धुऊन ठेवला आहे.

आता मुद्द्यावर येतो. जावयावर रागवायचं नसतं, हे मला माहीत आहे. माझ्या सासऱ्यांनाही माहीत होतं. त्यांनी माझ्यावरचा सगळा राग जन्मभर आपल्या कुत्र्यावर काढला, पण मला कधी अरेतुरे केलं नाही. मी कुत्रा पाळलेला नाही. सबब, या पत्रात जिथे जिथे राग दिसेल, तिथे तो गाडीवर आहे असं समजून वाचावं. ती गाडी मला कोणी सुचवली, हा प्रश्न मी मध्ये आणणार नाही. (तुम्ही सुचवली.) हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोन केला की दोन वाक्यांत सुरुची तो तुमच्या हातातून काढून घेते आणि ‘बाबा’ म्हणते, आणि मग मला रागवता येत नाही. म्हणून पत्र, आणि तेही तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर. मच्छीमार संस्थेचा सचिव म्हणून मी डिझेलच्या कोट्यासाठी आयुष्यभर पत्रं लिहिली आहेत, त्यामुळे भाषा कुठे सरकारी वाटली तर तेवढं चालवून घ्यावं.

विषय असा, की सुरुचीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं की चिंचवडला. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. यात चर्चा करण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या आईचं तिच्या माहेरी झालं, हंसाचं तिच्या माहेरी झालं, आळीतल्या कुठल्याही बाईला विचारा. पण तुम्ही त्या दिवशी फोनवर फार गोड आवाजात म्हणालात, “पप्पा, तिथून चांगलं हॉस्पिटल लांब आहे, आणि तुमच्याकडे गाडीपण नाहीये.” मला तेव्हाच राग आला होता, पण मी कुत्र्याचं वर सांगितलंच आहे. मी फोन ठेवला आणि ठरवलं, की ठीक आहे, गाडी नाही ना, मग गाडी घेतो. जावयाच्या तोंडात दुसरं कारण उरता कामा नये. आणि कुठली घ्यायची, तर जावयानेच दिवाळीत सांगितलेली, म्हणजे त्या गाडीतही खोट काढायची सोय नको.

ती दिवाळी तुम्हाला आठवत असेल. जेवणाच्या ताटावर तुम्ही चार वाट्या मांडल्यात, आणि ही चार सिलिंडर आहेत असं म्हणालात. (एका वाटीत माझी खीर होती.) मग दोन वाट्यांवर बशा झाकल्यात आणि सांगितलंत, की रस्ता सपाट असला, पाय हलका असला, वेग एकसारखा असला, की ही गाडी आपणहून दोन सिलिंडर बंद करते. त्यांच्यात पेट्रोल जात नाही, झडपा मिटून घेतात, नुसते दट्टे वरखाली होत राहतात आणि उरलेले दोन गाडी ओढतात. पाय जरा दाबला की डोळ्याचं पातं लवायच्या आत चारही कामाला लागतात. त्याने पेट्रोल वाचतं. तुम्ही इंजिनांच्याच चाचण्या घेता, तेव्हा तुम्हाला ठाऊक असणार म्हणून मी वा वा म्हटलं. मला काही पटलं नव्हतं. पण जावई खिरीच्या वाटीवर बशी झाकून इतक्या उत्साहाने बोलत असताना त्याला कोण अडवणार? तिथेच घोळ झाला. आपल्यात जावयाला उलट प्रश्न विचारायची पद्धत असती तर आज ही गाडी माझ्या दारात नसती.

मीरा रोडच्या शोरूममध्ये मी तो प्रश्न विचारला, कारण तिथली हेमाली नावाची मुलगी माझी कोणी लागत नव्हती. म्हटलं, दोन सिलिंडर बंद झाले हे मला कळणार कसं? ती हसून म्हणाली, “काका, तेच तर मस्त आहे, तुम्हाला कळणारच नाही.” गाडीचा हा सगळ्यात मोठा गुण म्हणून तिने सांगितला. जावईबापू, मी समुद्रावर इंजिन सांभाळलं आहे. इंजिनाचा आवाज एवढासा बदलला तरी झोपलेला खलाशी उठून बसतो. चारातले दोन सिलिंडर गप्प झाले की कोणी मायलेज विचारत नाही, आधी नांगर कुठे आहे ते बघतात. आणि ही बाई मला सांगते, की कळणार नाही म्हणून खूश व्हा! जे बंद पडलेलं कळत नाही, ते चालू आहे हे तरी कशावरून मानायचं? पण हंसाला रंग आवडला होता. गाडीला हार घातला, नारळ फोडला आणि घरी आणली.

हेमालीचं बोलणं खोटं निघालं, कारण मला कळलं. पहिल्याच दिवशी कळलं. राई-मुर्धे मागे टाकून उत्तनकडे येताना रस्ता जरा मोकळा मिळतो, तिथे पाय हलका केला आणि समोरच्या काचेत हिरवी अक्षरं उमटली, की दोन सिलिंडर चालू. त्याच क्षणी इंजिनाचा सूर खाली बसला. हंसाला काही ऐकू आलं नाही. (तिला मी रोज सांगितलेलंही ऐकू येत नाही.) मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, तर चारही सिलिंडर शहाण्या मुलासारखे चालू. डॉक्टरच्या दारात गेल्यावर ताप उतरावा तसं. पुन्हा निघालो, पाय हलका केला, पुन्हा दोन गप्प. असं करत करत घरी आलो तेव्हा हंसा म्हणाली, की पुढच्या वेळी मी बसने येईन, म्हणजे निदान घरी पोचेन.

सध्या मासेमारी बंद आहे. सगळ्या होड्या वर आहेत आणि पालीतले सगळे तांडेल, खलाशी रिकामे आहेत. रिकाम्या माणसांच्या गावात बिघडलेलं इंजिन आणणं म्हणजे काय, ते तुम्हाला चिंचवडमध्ये बसून कळायचं नाही. संध्याकाळपर्यंत निम्मा गाव माझ्या गाडीभोवती होता. माझा चुलतभाऊ राघो (तोच, ज्याने तुमच्या लग्नात वरातीची गाडी ढकलली होती) बॉनेटवर कान लावून उभा राहिला. उभ्या गाडीत रोग सापडेना, तेव्हा असं ठरलं, की गाडी चालू असतानाच ऐकायची. मी गाडी चालवतोय, राघो शेजारी डोळे मिटून बसलाय, आणि दोन्ही बाजूंनी स्कूटरवरून खलाशी येतायत, मागे बसलेला प्रत्येक जण गाडीकडे कान करून वाकलाय. उत्तन नाक्यावर लोक दुकानं सोडून बाहेर आले. एका बाईने हात जोडले, तिला वाटलं कोणाला तरी शेवटचं नेतायत. तेवढ्यात हिरवी अक्षरं उमटली आणि राघोने डोळे उघडले. “दादा, दोन मुके हायत,” तो म्हणाला. “या इंजिनावर मी लेकीला बसवनार न्हाय.” माझं मन काही वेगळं सांगत नव्हतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मी तिथूनच गाडी घराकडे वळवली. कारण ती गाडी मी मासळी न्यायला घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर. तिथल्या पोराने गाडीच्या पोटात एक वायर खुपसली, लॅपटॉपवर दोन बटणं दाबली आणि म्हणाला, “सर, प्रॉब्लेम नहीं है, फीचर है.” मी त्याला शांतपणे (हंसा म्हणते शांतपणे नाही) समजावलं, की बाबा रे, चारातले दोन काम करत नाहीत याला आमच्यात बिघाड म्हणतात. तो म्हणाला, अंकल, करते हैं, जब जरूरत हो. मी विचारलं, गरज आहे की नाही हे ठरवतं कोण? म्हणाला, कॉम्प्युटर. म्हणजे माझी मुलगी मागच्या सीटवर कळा देत असणार, आणि पेट्रोल वाचवावं की नाही याचा विचार कॉम्प्युटर करणार! बरं, वाचवतं म्हणावं तर ते तरी कुठे? भाईंदरच्या पुलापासून गोल्डन नेस्टच्या चौकापर्यंत आणि तिथून पुढे हॉस्पिटल आहे त्या शांती नगरपर्यंत हिरवी अक्षरं एकदाही दिसत नाहीत. तिथे एकसारखा वेग कुठला, तिथे वेगच नाही. रिक्षा, टेम्पो, उलट्या बाजूने येणारे स्कूटरवाले, यांच्यात चारही सिलिंडर जागेच्या जागी जळत बसतात. ही तुमची युक्ती चालते फक्त रिकाम्या सपाट रस्त्यावर, आणि आमच्याकडे तसा रस्ता आहे तो नेमका अशा ठिकाणी, जिथे मला कुठे पोचायची घाई नसते. हे त्या कंपनीच्या लोकांना कोणी सांगायला हवं होतं. तुम्ही त्याच धंद्यात आहात म्हणून म्हटलं.

आणि मला मुळात या विचाराचाच राग आहे. ओझं कमी आहे म्हणून निम्म्यांनी झोपायचं, हे काय वागणं झालं? आमच्या होडीवर जाळं हलकं आलं म्हणून दोन खलाशी आडवे झाले असते, तर तांडेलाने त्यांना लाथ घालून उठवलं असतं. हे मी जेवताना बोललो तर हंसा म्हणाली, की तुम्ही घरात कित्येक वर्षं दोनच सिलिंडरवर चालताय, पाहुणे आले की तेवढे चारही चालू होतात, मी कधी बॉनेट उघडलं का? त्यानंतर मी ताटावरून उठलो. (पोट भरलं होतं म्हणून.)

मग बाबाजी आला. बाबाजी म्हणजे आमच्या बंदराचा मिस्त्री. उत्तनपासून पालीपर्यंत एकही होडी नाही जिचं इंजिन त्याने उघडलेलं नाही, आणि काही काही परत जोडलेलीही आहेत. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, विडी विझवली आणि निकाल दिला, “इंजिनाला झोपाची सवय लागली का तो उठाचा न्हाय. झोपूच देव नको.” जावईबापू, इतक्या दिवसांत प्रथमच कोणीतरी माझ्या मनातलं बोललं. त्याने बॉनेट उघडलं, इंजिनाच्या डोक्यावर नवीन काय दिसतंय ते पाहिलं, आणि ज्या छोट्या वायरी डिझेल इंजिनात त्याने कधी पाहिल्या नव्हत्या त्या उपटल्या. त्याचं म्हणणं असं, की होडीच्या इंजिनात ज्या वस्तूवाचून अडत नाही ती गाडीत लाडाने घातलेली असते. मी चक्कर मारून आलो. पाय हलका केला, दाबला, पुन्हा हलका केला, हिरवी अक्षरं उमटली नाहीत म्हणजे नाहीतच. चारही सिलिंडर एका सुरात. मी बाबाजीला मिठी मारायचा बाकी होतो. फक्त समोर एक पिवळा दिवा लागला होता, इंजिनाच्या आकाराचा. तो काही केल्या विझेना. बाबाजी म्हणाला, दिवाच आहे, चावत नाही. हंसाने पर्समधून एक टिकली काढली आणि त्या दिव्यावर चिकटवली. दिसायला बरं दिसत होतं.

गाडी दुरुस्त झाल्यावर (मी अजून हाच शब्द वापरतो) मी रंगीत तालीम करायचं ठरवलं. तुमच्या तोंडात हॉस्पिटल लांब आहे हे वाक्य पुन्हा यायला नको, म्हणून पालीहून शांती नगरच्या त्या बाळंतपणाच्या हॉस्पिटलपर्यंत प्रत्यक्ष जाऊन बघायचं आणि तुम्हाला फोन करून सांगायचं, की हे बघा, आलो. सुरुचीच्या जागी हंसा. तिला मागच्या सीटवर आडवी केली, साडीखाली उशी दिली, आणि अधूनमधून कण्हायला सांगितलं, म्हणजे मला घाईचा अंदाज येईल. ती एकदाही कण्हली नाही. उलट तुझ्या बापाला आवर असं ती सारखं त्या उशीला सांगत होती, म्हणजे ती उशीची आजी झाली होती की आई, तेच मला कळेना.

निघालो, तर आळीच्या तोंडाशीच पाण्याचा टँकर. आमची आळी तुम्ही पाहिली आहे. एका बाजूला राघोची शाकारलेली होडी, दुसऱ्या बाजूला जाळी, मधून स्कूटर जाते आणि तीही आरसे मिटून. टँकरवाला म्हणाला, पाणी सोडलंय, टाकी भरल्याशिवाय गाडी हलणार नाही. मी त्याला सांगितलं, गाडीत बाळंत होणारी बाई आहे. तो डोकावून हंसाकडे बघून म्हणाला, काकू, नातवाची बातमी तर कळली होती, ही तुमची कधी? लोकांना काही बोलायला लाज वाटत नाही. टँकर रिकामा होईपर्यंत मी हॉर्न वाजवत बसलो आणि राघो होडीच्या आडून मला शांत हो, शांत हो अशा खुणा करत होता, त्याने मी आणखी भडकलो.

नाक्यावरून पुढे निघालो आणि डोंगरीच्या चढाला गाडी बसली. म्हणजे बंद पडली नाही, बंद पडली असती तर ढकलता तरी आली असती. चारही सिलिंडर जोरात चालू, आवाज मस्त, आणि गाडी मुंगीच्या पायांनी चढतेय. मी पाय पार तळाला टेकवला, तरी फरक नाही. शेजारून एक म्हातारे गृहस्थ कोथिंबिरीची पिशवी घेऊन चालत आमच्या पुढे गेले. (सर्व्हिस सेंटरच्या पोराने नंतर सांगितलं, की वरच्या वायरी काढल्या म्हणून कॉम्प्युटर घाबरला आणि इंजिनाला इजा होऊ नये म्हणून त्याने गाडीचा जोरच काढून घेतला. म्हणजे दोन सिलिंडर झोपलेले असताना जी गाडी धावत होती, ती चारही जागे ठेवल्यावर रांगायला लागली. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं.) अर्ध्या चढावर हंसा उठून बसली, उशी काढून सीटवर ठेवली, म्हणाली, मी पुढे होते, आणि उतरून चालायला लागली. चढ संपल्यावर तिला शेअर रिक्षा मिळाली. माझ्यासमोर मिळाली, आणि तिने मला हात केला.

मी हॉस्पिटलला पोचलो तेव्हा ती केव्हाची पोचलेली होती. बाकावर बसून कोणाच्या तरी डब्यातला ढोकळा खात होती, आणि आजूबाजूच्या चार बाया तिला सुरुचीच्या आहाराबद्दल सल्ले देत होत्या. काउंटरवरची मुलगी वैतागून विचारत होती, “आंटी, पेशंट किधर है?” तर ही तिला सांगते, “पेशंट पुण्याला हाय. आम्ही रस्ता बघाला आलो.” मला शरमेने मेल्यासारखं झालं. परतीच्या वाटेत गाडी सर्व्हिस सेंटरला टाकली. त्यांनी आधी दिवा पाहिला, मग टिकली पाहिली, मग बॉनेट उघडलं, आणि मग मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरचं म्हणणं असं, की बाहेरच्या माणसाने हात लावल्यामुळे इंजिनाची वॉरंटी आता लागू होणार नाही. मी म्हटलं, बाबाजी बाहेरचा नाही, तो आमच्या घरचा आहे. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. वायरी परत बसवल्या, आणि गाडी पुन्हा पूर्वीसारखी सपाटीला दोन सिलिंडर झोपवत, काहीही न होता, डोंगरीचा चढ भरकन चढून घरी आली. मला तिचं ते हसत हसत वर चढणंसुद्धा सहन झालं नाही.

तर वरील सर्व परिस्थितीचा विचार करता, झाल्या मनस्तापाला गाडी जबाबदार आहे, आणि गाडीला कोण जबाबदार आहे ते मी लिहिणार नाही असं सुरुवातीलाच कबूल केलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की गाडी नाही हे तुमचं कारण आता संपलं. गाडी दारात उभी आहे. आतल्या खोलीला रंग दिला आहे, हंसाने जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली आहेत, आणि सुक्या मासळीचे डबे सुरुचीला वास येऊ नये म्हणून राघोच्या घरी हलवले आहेत. (त्याच्या बायकोने ते ठेवून घेतले यावरूनच हा प्रसंग किती मोठा आहे ते ओळखावं.) माझी मुलगी माझ्या घरी येणार नाही हे मी ऐकून घेणार नाही. येत्या रविवारी मी तिला न्यायला येतोय. बॅग भरून ठेवावी. यावर फोनवर गोड आवाजात चर्चा करू नये.

कळावे, लोभ आहेच, राग गाडीवर आहे.

तुमचे सासरे,
हरिश्चंद्र

ता.क. गाडीच्या कंपनीत तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर वॉरंटीबद्दल एक शब्द टाकावा. बाबाजीचं नाव सांगू नये. तो माझ्यावर रुसला आहे, कारण मी वायरी परत बसवू दिल्या.

ता.क. दुसरा. हंसा म्हणते, की ती हॉस्पिटलला केव्हाची पोचली होती हे मी लिहायला नको होतं, आणि लिहिलंच आहे तर मी किती उशिरा पोचलो तेही लिहावं. म्हणून पुढचं लिहितोय.

ता.क. तिसरा. येत्या रविवारी न्यायला येतोय असं वर लिहिलं आहे, ते रद्द समजावं. सुरुचीला इकडे पाठवू नये.

डोंगरीच्या पुढे मी एकटाच होतो. चढ संपला, पण जोर परत आला नाही, आणि गोल्डन नेस्टच्या अलीकडे सगळं थांबलं. पुढे ट्रक, मागे बस, दोन्ही बाजूंना रिक्षा, दार उघडायलाही जागा नाही. आरशात मागची सीट दिसत होती आणि तिच्यावर ती उशी पडलेली होती. मी हॉर्न वाजवला, सगळेच वाजवत होते. मग मी त्या उशीला म्हणालो, आलंच बाळा, आलंच हॉस्पिटल. मोठ्याने म्हणालो. शेजारचा रिक्षावाला बघायला लागला. गाडी तिथून हलली तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. जावईबापू, वादळात दोनदा सापडलो आहे, पण तिथे होडीत मी होतो, माझी मुलगी नव्हती. मी फार घाबरलो. गाडी चांगली असती, वायरी जागेवर असत्या, सिलिंडर दोन असते किंवा चाळीस असते, तरी त्या गर्दीत ती तशीच उभी राहिली असती. तुम्ही फोनवर बोललात ते बरोबर होतं. (हे वाक्य सुरुचीला वाचून दाखवू नये.)

आता विनंती. बाळंतपण तिथे होणार, तर हंसा तिथे हवी. हंसा तिथे असेल तर मी इथे काय करू? पण लेकीच्या सासरी आपणहून जाऊन राहायचं नसतं, ते आमच्याकडे आजवर कोणी केलेलं नाही, आणि मीही येतो म्हणून सांगू शकत नाही. तेव्हा तुम्ही एक फोन करावा. पप्पा, तुम्ही दोघं इकडे राहायला या, आम्हाला एकट्यांना जमणार नाही, असं म्हणावं. मी नाही म्हणेन. तुम्ही पुन्हा आग्रह करावा. मी गावाकडची कामं सांगेन, ती ऐकून घ्यावीत आणि तिसऱ्यांदा विचारावं, मग मी बघतो म्हणेन. पहिल्यांदाच माझ्या तोंडून हो निघून गेलं, तर नीट ऐकू आलं नाही असं करून तुम्ही पुन्हा एकदा विचारावं.